आणून दाखवा, मग रंगवतो

ओस्विन काडेनने आयुष्यातला पहिला मार खाल्ला तो एका परीच्या डोळ्यांपायी.

टानेनग्रुंडमध्ये तेव्हा घरोघरी लाकडी बाहुल्या व्हायच्या. ओस्विनचा बाप कातारी. ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या यंत्रावर लाकूड कातून तो खाणवाले आणि पऱ्या काढायचा, आई त्यांचे कोट, झगे, पंख रंगवायची आणि डोळे पोरांच्या वाट्याला यायचे. शाळेतून आलं की उकडलेला बटाटा जवसाच्या तेलात बुडवून खायचा आणि दिवेलागणीपर्यंत ठिपके देत बसायचं. दोन ठिपके म्हणजे दोन डोळे, बाहुली टोपलीत, पुढची घ्या. धाकटी बहीण सेल्मा या कामात पटाईत होती, बडबड करता करता न बघता ठिपके द्यायची. ओस्विन मात्र बघायचा. आणि एका डिसेंबरात बापाने टोपली उचलली तर आतल्या झाडून सगळ्या पऱ्या तिरळ्या.

"हे काय रे, गाढवा?"

"हुल्डासारखी काढली."

"शेजारची हुल्डा? ती काय परी आहे?"

"चर्चच्या नाटकात होती. मी पाहिली. तिचा एक डोळा नाकाकडे बघत होता."

बापाने कानाखाली एक ठेवून दिली आणि वर म्हणाला, "परीचे डोळे कसे असतात ते गिऱ्हाईक ठरवतं, तू नाही." बातमी शेजारी पोचली, तेव्हा हुल्डाने ओस्विनला ओढ्यात ढकललं. पाणी बर्फाचं होतं. पण पऱ्या तिरळ्या नव्हत्या असं काही तो शेवटपर्यंत म्हणाला नाही.

हुल्डाचा डोळा पुढे बराचसा सरळ झाला. ती रागावली की मात्र परत नाकाकडे वळायचा, आणि ती रागवायची पुष्कळ.

आमच्या डोंगरात नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत खिडक्या बोलतात. घरात जितके मुलगे तितके खाणवाले खिडकीत, जितक्या मुली तितक्या पऱ्या, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत मेणबत्त्या. आजोबा-पणजोबा चांदीच्या खाणीत उतरायचे, महिनोन्‌महिने सूर्य दिसायचा नाही, म्हणून उजेडाचं हे वेड. मुलं मोठी झाली, लग्नं झाली, तरी आईच्या खिडकीतलं त्यांचं ठाणं हलत नाही. आणि टानेनग्रुंडची आणखी एक रीत आहे. मूल गेलं तर त्याची बाहुली काढत नाहीत, ती जागच्या जागी उभी राहते, फक्त तिच्या मेणबत्त्या लावत नाहीत. याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. काढायची गरजच नसते, गावातलं शेंबडं पोरसुद्धा खिडकी वाचतं.

ओस्विनला शाळामास्तरांनी ड्रेस्डेनच्या कलाशाळेत धाडलं. तिथे एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने त्याला जुन्या लोकांची रीत शिकवली. कॅनव्हास नाही, लाकडाची फळी. तिच्यावर खडूचा लेप, त्यावर अंड्याच्या बलकात घोटलेला रंग, आणि त्यावर तेलरंगाचे दुधावरच्या सायीहून पातळ थर, एक वाळला की दुसरा. कातारी घरातल्या पोराला लाकूड नवीन नव्हतं आणि धीरही नव्हता नवीन. भोवतालचे चित्रकार रोज नवीन जग काढत होते, माणसांचे त्रिकोण करत होते. ओस्विन घरमालकीण काढत होता. बटाटे सोलणारी. मग कोपऱ्यावरचा एका पायाचा सैनिक, मग मासेवाली, तिच्या बोटांवरच्या खवल्यांसकट. एका बटण-कारखानदाराच्या बायकोने हौसेने स्वतःचं चित्र काढून घेतलं आणि ते बघून ती किंचाळली, कारण ओठांवरची लव त्याने केस न् केस रंगवली होती.

"हे तुम्हाला काढता आलं नसतं का, मास्तर?" कारखानदार कळवळून म्हणाला.

"न्हाव्याला सांगा. त्याने काढलं की मी काढतो."

ते चित्र त्या घराने घेतलं नाही. ओस्विन ड्रेस्डेनला असताना एक मुलगी त्याच्या आयुष्यात होती म्हणतात. लग्नाची वाट बघून ती कंटाळली, असं लोक सांगतात. सेल्मा म्हणायची, "लग्नाची कसली? चित्रासाठी बसून कंटाळली. एका कोपराला महिना लावायचा हा."

मग ते दिवस आले, ज्यांच्याविषयी लोक अजून आवाज उतरवून बोलतात. एके सकाळी बिल्ला लावलेला एक अधिकारी ओस्विनच्या खोलीत शिरला आणि भिंतींवरची चित्रं बघून नाक मुरडू लागला. ही कुबडी, लंगडी, सुरकुतलेली माणसं कशाला? जर्मन शेतकरी कसा असतो? उंच, ताठ, सोनेरी केसांचा! ओस्विनने त्या बुटक्या, टकल्या माणसाकडे नीट बघून घेतलं.

"असा एक आणून दाखवा," तो म्हणाला, "मग रंगवतो."

यात शौर्याचा भाग किती होता आणि हट्टाचा किती, हे मला विचाराल तर हट्ट जास्त. पण किंमत दोहोंची सारखीच पडते. त्याची दोन चित्रं संग्रहालयातून उचलून नेली, ती परत कोणाला दिसली नाहीत. प्रदर्शन बंद, शिकवणं बंद, दुकानात रंग मागायचीही चोरी. ओस्विन पाठीवर बोचकं टाकून टानेनग्रुंडला परतला. सेल्मा त्याच जुन्या टेबलापाशी बसली होती. तिने बाकावर सरकून जागा केली आणि टोपली त्याच्यापुढे ढकलली.

"बस. डोळे राहिलेत."

युद्ध संपता संपता त्यालाही नेलं, खंदक खणायला. तिथून तो कैदेत गेला आणि दोन वर्षांनी परत आला तो निम्मा होऊन. गावातली बरीच पोरं आलीच नाहीत. हुल्डाचे दोघं मुलगे लढाईवर गेले होते. धाकटा आर्नो आला. थोरला गीडो पूर्वेला कुठेतरी बेपत्ता. मेल्याचं पत्र नाही, जिवंत असल्याची खूण नाही. हुल्डाचा नवरा आधीच वारला होता. रस्त्यापलीकडच्या घरात आता ती, आर्नो आणि गीडोची बायको लीसबेट. लग्नानंतर गीडो रजेवर एकदाच आला होता, त्यामुळे लीसबेटला नवऱ्यापेक्षा सासूचीच सवय जास्त. दोघी समोरासमोर बसून उशीवर दोऱ्याच्या लाकडी चात्या खळखळवत लेस विणायच्या. डिसेंबर आला की हुल्डा खिडकीत दोन्ही खाणवाले ठेवायची, आणि दोघांच्याही मेणबत्त्या लावायची. मेणबत्त्या तेव्हा औषधालाही मिळत नव्हत्या. आर्नोच्या संध्याकाळभर जळायच्या. गीडोच्या ती थोडा वेळ लावून फुंकायची, पुरवून पुरवून वापरायची. पण लावायची.

गावात एवाल्ड नावाचा करवत-गिरणीवाला होता, विधुर, एका लहान मुलीचा बाप, सरळ माणूस. त्याला लीसबेट आवडायची आणि लीसबेटलाही तो नावडत नव्हता. बेपत्ता नवऱ्याला मृत ठरवून घ्यायला बायकोने कचेरीत एक अर्ज करायचा असतो. एवाल्डने तो विषय एकदाच काढला. लीसबेट म्हणाली, "आई मेणबत्ती लावतात तोवर मी सही करायची नाही." एवाल्डने टोपी डोक्यावर ठेवली आणि गिरणीत गेला. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं.

आता चित्राकडे येते. खानावळीचा जुना नाचाचा हॉल नव्या सरकारच्या काळात संस्कृतीभवन झाला आणि तिथल्या भिंतीसाठी गावप्रमुख ऊलिगने ओस्विनला चित्र सांगितलं. ऊलिग मुळातला चांभार, मनाचा भला, पण वरून आलेला प्रत्येक शब्द त्याला पाठ.

"आनंदी गाव काढा, मास्तर. माणसं हसणारी."

"हसवा. रंगवतो."

"आणि एखादा लाल झेंडा असावा."

"लावा. दिसला की रंगवतो."

झेंडा पावसात भिजून उंदरांनी खाल्लेला निघाला, आणि वरून नवा आलाच नाही. ओस्विनने ठरवलं की त्याच्या घरातल्या बाहुल्यांच्या कारखान्याच्या खिडकीतून समोरचा रस्ता दिसतो तोच काढायचा, डिसेंबरातला, दिवेलागणीचा. तीन फळ्या जोडून त्याने मोठी फळी केली आणि रोज त्या निळसर घटकेला खिडकीशी बसू लागला. आज बेकरीची खिडकी, उद्या शाळामास्तरांची. प्रत्येक घराला त्याची संध्याकाळ. ज्या संध्याकाळी जसं दिसलं तसं.

हुल्डाच्या खिडकीची पाळी आली त्या दिवशी बर्फ पडून थांबलं होतं. आर्नोच्या खाणवाल्याच्या मेणबत्त्या लागल्या. मग हुल्डाचा हात पेटती काडी घेऊन गीडोच्या खाणवाल्यापाशी आला आणि थांबला. काडी जळत बोटांशी आली. हात मागे गेला. नंतर कोणी आलं नाही. ओस्विन रस्त्यापलीकडून बघत राहिला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याच्या मनात शेजारीण आली नाही, काळोख आला. इतक्या सोन्याच्या ठिपक्यांमध्ये तो एवढासा काळोख! आजूबाजूचा सगळा उजेड त्याच्यामुळे उठून दिसत होता. चित्रकाराच्या डोळ्यालाही हाव असते. त्याने सेल्माला बलक फेटायला सांगितला आणि कामाला लागला.

दुसऱ्या संध्याकाळी हुल्डाच्या खिडकीत दोन्ही खाणवाले पेटलेले होते. तोवर ओस्विन पुढच्या घरावर गेला होता.

मे महिन्यात चित्र लागलं. ऊलिगचं भाषण झालं, बॅन्ड वाजला आणि गाव चित्रापाशी लोटलं. आधी नुसता कल्ला.

"अरे, माझा कुत्रा!"

"बेकरीचं फुटकं कौलसुद्धा काढलंय मेल्याने."

"दुरुस्त करा म्हणून तीन वर्षं ओरडतेय. आता बसा, जन्मभर फुटकंच राहणार ते!"

मग कोणीतरी हुल्डाच्या घरापर्यंत पोचलं आणि गप्प झालं. त्याच्या शेजारचाही गप्प झाला. ती शांतता मागे मागे सरकत दारापर्यंत गेली. बायका हळूच वळून हुल्डाकडे बघायला लागल्या, जसं प्रेतयात्रेत बघतात. एका म्हातारीने तर तिचा हातच हातात घेतला.

हुल्डाने हात सोडवून घेतला. पुढे गेली, चित्र पाहिलं. तिचा डावा डोळा नाकाकडे वळला.

"माझ्या घरात एकही दिवस अंधार नव्हता," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हा माणूस खोटारडा आहे."

लीसबेट तिच्या मागेच उभी होती. एवाल्ड दाराशी होता, तो मुलीचा हात धरून बाहेर निघून गेला.

घरी आल्यावर सेल्माने भावाला जेवायला वाढलं ते ताट आपटूनच.

"डोळे आहेत नुसते! एवढे मोठे डोळे आणि अक्कल वाटाण्याएवढी. जन्म काढलास खाणवाल्यांचे ठिपके देण्यात, आणि न लावलेल्या मेणबत्तीचा अर्थ तुला कळू नये?"

"मला दिसलं ते काढलं."

"दिसलं! गीडोला मारून आलास गावासमोर, आणि म्हणे दिसलं."

"मी खोटं नाही काढलेलं, सेल्मा."

"तेच तर म्हणतेय. खोटं असतं तर पुसता आलं असतं."

दुसऱ्या दिवशी हुल्डा कारखान्यात आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"ओस्विन, ती मेणबत्ती लाव."

"मी न पाहिलेलं..."

"ते पुराण मला सांगू नकोस. तू शेंबडा होतास तेव्हापासून ओळखते तुला. ओढ्यात ढकललं होतं, विसरलास?"

"हुल्डा, त्या दिवशी तू काडी ओढलीस. बोटांशी येईपर्यंत धरलीस आणि मागे घेतलीस."

ती एकदम बसली. बाकावर नाही, लाकडाच्या ढलप्यांच्या ढिगावरच. तिने पोलक्याची बाही खालीवर केली.

"मला त्याचा आवाज आठवेना," ती शेवटी म्हणाली. "लेस विणत होते. मनात म्हटलं, दारातून आला की काय ओरडायचा हा? शब्द आठवले. आवाज येईना. आर्नोचाच यायचा. काडी धरली आणि वाटलं, कोणासाठी लावतेय मी? ज्याचा आवाजसुद्धा माझ्यापाशी नाही..." तिने नाक पुसलं. "दुसऱ्या दिवशी सकाळी आला आवाज. 'आई, बूट कुठायत?' असा. बूट नेहमी त्याच्या पायाशीच असायचे. मग लावली. तेव्हापासून रोज लावली. एक संध्याकाळ, ओस्विन! अख्ख्या सात वर्षांत एक, आणि तू मेल्या नेमकी तीच भिंतीवर टांगलीस."

हुल्डा उठली, झग्याचे ढलपे झटकले.

"लावणार आहेस का नाही?"

"दिसली तर लावीन."

"मग नको लावूस," ती म्हणाली आणि दार आपटून गेली.

सारा उन्हाळा दोन्ही घरांत बोलणं बंद. संस्कृतीभवनात सभा असली की हुल्डाच्या ओळखीच्या बायका चित्राकडे पाठ करून बसायच्या. ऊलिग येऊन गेला. "एक ठिपका, मास्तर. पिवळा. पाच मिनिटांचं काम." ओस्विनने त्यालाही नकार दिला, पण पहिल्यासारखा ताठ नाही. रात्री झोप लागत नव्हती त्याला. त्या बटणवालीचे ओठ, त्या टकल्याचा शेतकरी, यांना नाही म्हणणं सोपं होतं, त्यांना खोटं हवं होतं. हुल्डाला खोटं नको होतं. तिला तिच्या शेकडो खऱ्या संध्याकाळींतली एखादी हवी होती. आणि आपण तिच्या वाट्याला कुठली दिली?

कापणीच्या दिवसांत लीसबेट आली, हातात टोपली, सरपणाला ढलपे हवेत म्हणून. तिच्या डाव्या डोळ्याची पापणी जन्मापासून जराशी खाली उतरलेली, त्यामुळे ती नेहमीच नुकती झोपेतून उठल्यासारखी दिसायची. भरलेली टोपली खाली ठेवून ती म्हणाली,

"ओस्विनकाका, खरं सांगा. वाऱ्याने विझली होती का लावलीच नव्हती?"

वाऱ्याने विझली, एवढं म्हणण्याची खोटी होती. हुल्डाची लाज राहिली असती. गावात तसं पसरलंही असतं. ओस्विनने समोरच्या पोरीकडे पाहिलं.

"लावली नव्हती."

लीसबेटने तोंडावर एप्रनचं टोक दाबलं आणि रडू लागली. ओस्विन घाबरून सेल्माला हाक मारणार, तोच ती हसलीसुद्धा.

"मला वाटायचं मी एकटीच पापी आहे हो. रोज आईंचा हात बघायचे, जराही हलत नाही. आणि मी? मला नवऱ्याचा चेहरासुद्धा फोटो बघितल्याशिवाय आठवत नाही. म्हणजे आईंनाही एकदा..."

"हे तिला सांग."

"आईंना? तुम्ही सांगून बघा ना!"

ओस्विनने खरंच तसं केलं. कोट घातला, रस्ता ओलांडला आणि कितीतरी वर्षांनी हुल्डाच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. ती कच्चे बटाटे किसत होती, उकडायच्या गोळ्यांसाठी. किसणी थांबली नाही.

"चित्र खाली उतरवून आणतो," तो म्हणाला. "मेणबत्त्या लागतात त्या पहिल्या रविवारी समोर बसतो. तुझी खिडकी परत बघतो. तू दाखवशील ते काढीन. दोन्ही पेटलेले दिसले तर दोन्ही पेटलेले."

"आता पाझर फुटला?"

"पाझर नाही. तुझी एक संध्याकाळ मी न विचारता घेतली. दुसरी तू दे."

किसणी थांबली. "आणि लीसबेट काय म्हणेल?"

"तिला विचार. मला विचारलंस तर तिलाही एक संध्याकाळ अंधार पडला होता. एक कसली, पुष्कळ."

ओस्विन दारापर्यंत गेला तेव्हा मागून आवाज आला, "पाय पुसून आला नाहीस. बघ फरशीची काय दशा केलीस ती."

त्या रात्री सासू-सुनांत काय बोलणं झालं ते कोणालाच माहीत नाही. आर्नोला विचारलं तर तो म्हणायचा, चात्यांचा आवाज बंद होता, एवढंच कळलं. पण नोव्हेंबरात हुल्डा कारखान्यात आली, आणि या वेळी बाकावर बसली.

"एक परी कर."

ओस्विनने सेल्माकडे पाहिलं. सेल्मा म्हणाली, "परी कुणासाठी ग? तुला मुलगी कुठंय?"

"तू आपले ठिपके देत बस. चौकशा करू नकोस. लाकूड लिंडनचंच घाल, ओस्विन, गाठ नसलेलं. आणि डोळे नीट काढ. एकदा काढले होतेस तसे नकोत."

परी ओस्विनने स्वतः कातली, रंगवली. डोळे शेवटी. सेल्मा शेजारी येऊन बघत होती. उजवा डोळा त्याने पूर्ण दिला, डाव्यावर पापणीची बारीक रेघ जराशी खाली ओढली.

"परत मार खाशील," सेल्मा म्हणाली. मग जवळ वाकून बघितलं आणि तिचा आवाज बदलला. "राहू दे. अशीच राहू दे."

पहिल्या रविवारी ओस्विनने चित्र कारखान्याच्या खिडकीशी उभं केलं. सेल्माने उदाचा सुळका पेटवून चिलीम ओढणाऱ्या पोकळ लाकडी म्हाताऱ्याच्या पोटात ठेवला, त्याच्या तोंडातून धूर निघू लागला. रस्त्यावर माणसं उगीचच हळू चालत होती. बेकरीवाला तर एकच दार तीनदा बंद करत होता.

समोरच्या खिडकीत हुल्डा आली. दोन्ही खाणवाले दोन बाजूंना ठेवले, मध्ये परी. आर्नोच्या मेणबत्त्या लावल्या. मग गीडोच्या खाणवाल्यापाशी तिचा हात गेला, रिकामा. त्याच्या उजव्या हातातली मेणबत्ती तिने काढली, मग डाव्या हातातली. दोन्ही पुरवून वापरलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या उरलेल्या. त्या तिने परीच्या हातांत बसवल्या, नीट, दाबून. मागे वळून काहीतरी म्हणाली. लीसबेट पुढे आली. काडी हुल्डाने ओढली आणि तिच्या हातात दिली.

परी पेटली. तिच्या शेजारी खाणवाला रिकाम्या हातांनी उभा होता, आणि परीच्या उजेडात त्याचा चेहरा दिसत होता.

सेल्मा रडत होती की उदाने डोळे चुरचुरत होते, ते तिचं तिला माहीत. म्हणाली, "अगंबाई. मुलगी करून घेतली हिने. म्हणजे आता लग्न लावून द्यायला मोकळी." आणि मग, "अरे, बलक फेटू का?"

"आज नको," ओस्विन म्हणाला. "आज बघू दे."

लीसबेटचं लग्न त्यापुढच्या वसंतात हुल्डाच्या घरातून झालं. एवाल्डची पोर हुल्डाला पहिल्याच दिवसापासून आजी म्हणू लागली आणि तिच्या चात्या उशीखाली लपवू लागली. गीडोची काहीच खबर कधी आली नाही. ओस्विन त्यानंतर सोळा वर्षं जगला, माणसं आणि कौलं रंगवत. शेवटी शेवटी ड्रेस्डेनचे लोक मोटारीतून येऊ लागले आणि त्याला थोर म्हणू लागले. तो त्यांना विचारायचा, "थोर म्हणजे कसा दिसतो?"

पण ते राहू दे. चित्र परत टांगलं ती दुपार सांगायची राहिली. हॉलमध्ये कोणी नव्हतं. ओस्विन आणि सेल्मा शिडी आवरत होते. हुल्डा एकटीच आली, चष्मा लावून चित्राच्या अगदी जवळ गेली. खिडकीतला तो जुना काळोख तसाच होता, त्याला ओस्विनने हात लावला नव्हता. मध्ये परी आली होती, तिची डावी पापणी खाली, आणि तिच्या उजेडाची एक पातळ साय काळोखातल्या खाणवाल्याच्या गालावर.

"मेणबत्त्या चुकल्यात," ती म्हणाली.

"कुठे?"

"परीच्या. तू अख्ख्या काढल्यास. उंच. त्या एवढ्याशा होत्या, संपत आलेल्या."

सेल्माने शिडी खाली ठेवली आणि भावाकडे बघू लागली.

ओस्विनने हात रुमालाला पुसले. "मला तशा दिसल्या," तो म्हणाला.

हुल्डाने चष्मा काढला. तिचे दोन्ही डोळे सरळ होते.

"दिसल्या असतील," ती म्हणाली. "रविवारी जेवायला या दोघं. गोळे करणार आहे. आणि पाय पुसून ये."